हलकी रायफल, दुखरा खांदा

प्रश्न : मी कोलंबसजवळ राहते. वय ४७, उंची पाच फूट एक इंच, आणि पक्की डावखुरी. मुलाबरोबर गंमत म्हणून हंटर एज्युकेशनचा कोर्स केला. तो नापास झाला, मी पास. ऑफिसातल्या एका मैत्रिणीची आग्नेय ओहायोत डोंगराळ जमीन आहे, तिथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या गन वीकमध्ये हरणाला बसायचं ठरलंय. दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून मधोमध मोडून भरायची, एका गोळीची, सहा पौंडांच्या आतली रायफल घ्यावी असं मनात आहे. .२४३ घेऊ की ६.५ क्रीडमूर? दुकानदार म्हणतो, सिंगल शॉट हे खेळणं आहे, बोल्ट अॅक्शन (दांडा मागेपुढे सरकवून भरायची) घ्या. बजेट स्कोपसकट सहाशे डॉलर.

उत्तर : ताई, आधी वाईट बातमी. तुम्ही नावं घेतलीत ती दोन्ही काडतुसं ओहायोत हरणाला चालत नाहीत. ती उत्तमच आहेत, नदीपलीकडे वेस्ट व्हर्जिनियात किंवा शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात खुशाल वापरा. पण आपल्याकडे २०१४ पासून रायफलीला परवानगी मिळाली ती फक्त सरळ अंगाच्या काडतुसांना, .३५७ ते .५० इंच या मापातल्या. .२४३ चं काडतूस हातात घेऊन बघा, सोड्याच्या बाटलीसारखी त्याला मान असते. कायद्याला हवं आहे खडूसारखं सरळ. सरळ अंगाच्या काडतुसाची जाड, संथ गोळी लवकर खाली येते. आपल्याकडे शेतं आणि घरं मिसळून आहेत, म्हणून हा नियम. सीझनच्या आधी त्या वर्षाची नियमपुस्तिका एकदा वाचाच. मी तीस वर्षं इथे आहे, तरी दर ऑक्टोबरला वाचतो.

म्हणजे तुमच्यासाठी उरतात .३५० लेजंड (नावात .३५० असलं तरी ते या मापात बसतं), .४५० बुशमास्टर, .४४ मॅग्नम, .४५-७० आणि त्यांची भावंडं. यातलं .४५-७० हे १८७३ सालचं लष्करी काडतूस, तर .३५० लेजंड विंचेस्टरने २०१९ मध्ये आणलं, आपल्यासारख्या राज्यांकडे डोळा ठेवूनच. तुमच्या खांद्याला मी .३५० लेजंड सांगेन आणि त्यापुढे चर्चा करणार नाही.

का, ते सांगतो. रायफल हलकी हवी हे खरं, पण वजन कमी केलं की धक्का वाढतो, त्यात सूट नाही. काडतूस तेच ठेवून आठ पौंडांच्या जागी सहा पौंडांची रायफल घेतलीत, तर खांद्यावर येणारी ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. मी टूल अँड डायवाला माणूस, पाकिटाच्या मागे गणित करायची खोड आहे. सहा पौंडांच्या रायफलीत .३५० लेजंडचा धक्का साधारण दहा फूट-पौंड येतो. त्याच रायफलीत .४५० बुशमास्टर भरलं तर पंचवीसच्या वर. अडीच पट! दुकानात दोन्ही रायफली सारख्याच दिसतात, हातात सारख्याच हलक्या लागतात आणि किंमतही तीच. फरक कळतो तो पहिला बार काढल्यावर.

मला तो कसा कळला, तेही सांगून टाकतो, घरात सगळ्यांना ठाऊकच आहे. एका डिसेंबरात मी हौसेने हलकी .४५-७० घेतली. तिच्यावर जुना स्कोप चढवला, डोळ्यापासून जेमतेम तीन इंचांवर. उतारावर बसून वरच्या बाजूला नेम धरला. अशा बैठकीत मान आपोआप पुढे जाते, हे तेव्हा लक्षात नव्हतं. बार निघाला, हरीण पडलं, आणि माझ्या उजव्या भुवईतून रक्ताची धार बर्फावर. तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी एका मित्राकडे सत्यनारायण होता. कपाळावर एवढी मोठी पट्टी लावून मी प्रसादाला रांगेत उभा, आणि बायको प्रत्येकाला सांगतेय, "काही नाही हो, ह्यांनी स्वतःलाच मारलं." चूक माझीच होती. म्हणून सांगतो, स्कोप घेताना डोळ्यापासूनचं अंतर चार इंच तरी मिळेल असाच घ्या. चारपटीपर्यंत जवळ दाखवणारा साधा स्कोप रानात पुरे.

आता दुकानदाराचं. सिंगल शॉट खेळणं नाही. डावखुऱ्या माणसाला तर मी पहिल्यांदा तीच सुचवीन. बोल्टचा दांडा उजवीकडे, रिकामं काडतूस उजवीकडे उडणार, आणि डावखुऱ्यांसाठी वेगळं मॉडेल मागितलं की "ऑर्डर करावं लागेल". मोडणाऱ्या रायफलीला डावंउजवं नाही. शिवाय बोल्ट मागेपुढे सरकायला जी लांबी लागते ती हिच्यात नाही, म्हणून बावीस इंची नळी असूनही ती बोल्ट रायफलीपेक्षा चार-पाच इंच आखूड पडते. पाच फूट एक इंचाच्या माणसाला झुडपांतून वाट काढताना हे चार इंच वजनापेक्षाही जास्त सुख देतात.

तुमच्या बजेटात दोन नावं बघा. सीव्हीए स्काउट : वजन सहा पौंडांच्या आतबाहेर, फायबरचा दस्ता, चापाच्या कडीशी असलेला खटका दाबला की मोडते. नळी स्पेनच्या बर्गारात बनते. आखूड दस्त्याचं कॉम्पॅक्ट रूपही मिळतं. दुसरी हेन्री : सात पौंडांच्या जवळपास, अक्रोडाचा दस्ता, वरचा खटका डावीकडे सारा की उजवीकडे, उघडते. दिसायला हेन्री देखणी, यात वाद नाही. पण सहाशेत हेन्री आणि बरा स्कोप दोन्ही बसवणं कठीण, आणि तिचा दस्ता तुम्हाला बहुधा लांब पडेल.

दस्त्याची लांबी वजनाच्या आधी बघा. दुकानात, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, दस्त्याचं बूड कोपराच्या आतल्या खाचेत टेकवा आणि बोट चापाकडे न्या. बोटाचं पहिलं पेर चापावर सहज आलं तर दस्ता तुमचा. बोट ताणावं लागलं तर लांब आहे, आणि लांब दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर बसतो. ऑपरेशन झालेल्या खांद्याला तेच नको. नेहमीचा दस्ता साडेतेरा-चौदा इंचांचा असतो, तुम्हाला साडेबारा-तेरा लागेल. ही चाचणी थंडीचं जाकीट घालून करा. जूनमध्ये टी-शर्टवर बेतलेली रायफल डिसेंबरात अर्धा-पाऊण इंच लांब झालेली असते.

आणखी तीन गोष्टी दुकानातच. रायफल मिटवल्यावर दस्त्याच्या मनगटाशी, म्हणजे चापामागच्या बारीक भागाला, धरून हलकेच हलवा. बिजागरीत खडखड जाणवली तर परत द्या. मिटलेली रायफल उजेडासमोर आडवी धरा, नळीचं बूड आणि चौकट (नळी जिच्यात बसते तो मधला धातूचा भाग) यांच्यामध्ये उजेडाची फट दिसता कामा नये. आणि घोडा (चाप नव्हे, मागची हातोडी) हातमोज्यासकट अंगठ्याने चढवून बघा. स्कोप लावल्यावर घोडा त्याच्याखाली दडतो, म्हणून त्याला बाजूला वळलेलं एक कान स्क्रूने लावतात. तुम्ही डावखुऱ्या, तुमचं कान डावीकडे लावा. चढवलेला घोडा परत अलगद उतरवणं हे या रायफलीतलं सगळ्यात धोक्याचं काम. हात गारठलेले असताना अंगठा निसटतो. घरी रिकाम्या रायफलीत डमी काडतूस घालून, नळी सुरक्षित दिशेला धरून शंभरदा करा, मग रानात एकदा करा.

एक गोळी पुरेल का? माझी आजवरची सगळी हरणं ऐंशी यार्डांच्या आत पडली आहेत, त्यातली दोन सोडून सगळी पहिल्या गोळीला. तुमच्या मैत्रिणीच्या डोंगरात यापेक्षा लांबचं दिसणारही नाही, झाडी दाट आहे. दुसरं काडतूस दस्त्यावरच्या इलास्टिक पट्टीत ठेवा. मोड, काढ, घाल, मिटव : सरावाने पाच-सहा सेकंदांत होतं. घाई करणाऱ्या हाताला त्या पाच सेकंदांचा फायदाच होतो, असं माझं मत.

आणि ज्या एका गोष्टीसाठी मी ही रायफल सोडत नाही, ती वजनात मोजता येत नाही. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घरी आजोबांकडे एकनळी बारा बोअर होती, शेतीच्या राखणीची. सांज करून रानातून परत आले की खळ्याच्या पायरीशी थांबून ते बंदूक मोडत, काडतूस काढून माझ्या हातात देत, आणि मगच आत येत. एकदा काकांनी तशीच आत आणली. "खळ्यात येवच्या आधी मोडून दाखय," एवढंच म्हणाले, पण काका परत पायऱ्या उतरून खाली गेले. मोडलेली बंदूक रिकामी आहे हे दहा पावलांवरून आंधळ्यालाही दिसतं. बोल्ट रायफलीचं तसं नाही, तिथे समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. कुंपण ओलांडताना, ओढा पार करताना, झाडावरच्या मचाणावर चढताना मोडा. मचाणावर तर रिकामी करून दोरीने वर ओढून घ्या, अंगावर घेऊन शिडी चढू नका.

खांद्यासाठी : आधी तुमच्या सर्जनला विचारा, मग पैसे भरा. रेंजवर एका बैठकीत दहा-बारा गोळ्यांवर जाऊ नका. दस्त्याच्या बुडाला जाड रबरी गादी असू द्या, कानांत बोळे आणि वर मफ दोन्ही. आणि ते पौंडांचं गणित करताना स्कोप, त्याच्या कड्या, पट्टा आणि काडतुसं यांचे दीड-दोन पौंड धरा. सहाच्या आत आणायला गेलात तरी रानात साडेसातच्या आसपासच वागवाल. ते ओझं चांगलं आहे, धक्का तेच खातं.

मुलाला पुन्हा परीक्षेला बसवा. पुस्तकातला कुंपणाचा धडा बहुतेक त्याने वाचलाच नसेल.

प्रश्न : पेन्सिल्व्हेनियात एका गन शोमध्ये जुनी एच अँड आर हँडी-रायफल दिसली, .३०-०६, तीनशे डॉलर. घेऊ का? पुढेमागे दुसरी नळी बसवता येईल असं विकणारा म्हणतो.

उत्तर : रायफल घ्या, विकणाऱ्याचं दुसरं वाक्य सोडून द्या. ही रायफल आधी मॅसॅच्युसेट्सच्या गार्डनर गावात बनायची. २००८ मध्ये तो कारखाना बंद झाला, काम न्यूयॉर्कमधल्या इलियनला गेलं आणि २०१५ मध्ये तेही थांबलं. दुसरी नळी हवी तर तुम्ही चौकट कारखान्यात पाठवायची, ते तुमच्या चौकटीला नळी घासून बसवून द्यायचे. ती सोय आता संपली. कुणाची तरी सुटी नळी विकत घेऊन "बसतेय की" म्हणून वापरू नका. बसणं आणि घट्ट मिटणं यात कागदाच्या जाडीइतका फरक असतो, आणि .३०-०६ चा दाब त्या फरकातूनच वाट काढतो. नीट जाणणाऱ्या गनस्मिथकडून तपासून घेतली तरच. शॉटगनच्या चौकटीवर रायफलीची नळी तर कधीच नाही. बदलत्या नळ्यांचीच हौस असेल तर थॉम्पसन सेंटरची एन्कोर शोधा, ती त्याच कामासाठी घडवली आहे.

घेण्याआधी नळीत टॉर्च मारून खड्डे बघा, खास करून बुडाशी. गोळ्या पसरत असतील तर आधी पुढच्या लाकडावर संशय घ्या. ते नळीला दाबतं. लाकूड आणि खालचा खुंट यांच्यामध्ये नळाच्या दुकानात मिळणारी साधी रबरी रिंग घाला, निम्म्या तक्रारी मिटतात. आणि सात पौंडांत .३०-०६ म्हणजे काय, हे वरच्या ताईंच्या उत्तरात वाचलंतच.

प्रश्न : मी टेक्ससमध्ये एच-वन-बी व्हिसावर आहे. मित्र शिकारीला बोलावतात. मला अशी रायफल विकत घेता येईल का? की मित्राच्या नावावर घेऊन वापरू?

उत्तर : दुसऱ्या वाक्याला आधी उत्तर : नाही. पैसे तुमचे आणि फॉर्म ४४७३ वर (बंदूक घेताना दुकानात भरायचा सरकारी अर्ज) नाव मित्राचं, हा फेडरल गुन्हा आहे. दोघंही अडकाल, आणि तुमचा ग्रीन कार्डचा अर्ज तर गेलाच.

पहिल्याला : नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच मनाई आहे, नुसती विकत घ्यायला नव्हे. रेंजवर मित्राची रायफल हातात घेणंही त्यात येतं, हे बहुतेकांना माहीतच नसतं. पण कायद्यात अपवाद आहेत, त्यातला एक तुमच्या कामाचा : अमेरिकेतल्या राज्याने दिलेला शिकारीचा चालू परवाना. म्हणून क्रम असा : आधी हंटर एज्युकेशन (टेक्ससमध्ये २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ते लागतं), मग परवाना, मग दुकान. परवाना दुकानात दाखवून खिशात विसरायचा नाही. तो संपला आणि रायफल घरात राहिली तर अपवादही संपला. एच-फोरवरच्या बायकोलाही हेच लागू. माझ्या शब्दावर जाऊ नका, इमिग्रेशन वकिलाला तासाभराची फी द्या. रायफलीपेक्षा स्वस्त पडेल.

प्रश्न : श्टुटगार्टहून लिहितो. याग्डशाइन, म्हणजे इथला शिकारीचा परवाना, मिळालं! इथले म्हातारे शिकारी डोंगरात सिंगल शॉट 'किपलाउफ' वापरतात. नव्या माणसाने घ्यावी का?

उत्तर : अभिनंदन. त्यासाठीची परीक्षा 'हिरवं आबिटुर' (आबिटुर म्हणजे तिथली बारावी) म्हणून ओळखली जाते ते उगाच नाही. किपलाउफ म्हणजे आल्प्समध्ये गॅम्सच्या (डोंगरी रानबकरीच्या) मागे कडे चढणाऱ्यांची बंदूक : पाठपिशवीत दोन तुकडे करून मावते, आणि ब्लेझर के ९५ सारखीत स्प्रिंग अंगठ्याने ऐन वेळी चढवायची असते, तोवर भरलेली असली तरी ताणलेली नसते. काडतुसाच्या नावात शेवटी 'आर' असलेलं घ्या, जसं ६.५×५७ आर. तो 'आर' म्हणजे बुडाची कड, आणि तिला पकडूनच मोडणारी रायफल काडतूस बाहेर काढते. किंमत मात्र हजारो युरोंत. पहिली दोन वर्षं सेकंडहँड बोल्टवर काढा. मला स्वतःला ती परवडली असती तर हा सल्ला दिला नसता.

प्रश्न : कुडाळहून. डुकरांनी नाचणी आणि भात ठेवलं नाही. तुम्ही सुट्टीत येता, तेव्हा अशी एखादी हलकी रायफल आणता येईल का? इकडची ठासणीची जड पडते.

उत्तर : नाही हो, बॅगेत घालायची वस्तू नाही ती. इकडून कोणी "आणून देतो" म्हणाला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. डुक्कर पिकात शिरलं म्हणून मारता येतं असंही नाही, त्याला वनखात्याची रीतसर परवानगी लागते. शेतीसंरक्षणाचा परवाना आहे म्हणून परवानगी आपोआप मिळाली असं समजून गावातल्या दोघातिघांनी कोर्टाच्या फेऱ्या मारलेल्या मी बघितल्या आहेत.

तुमचं दुखणं मला कळतं. निवडणूक लागली की परवान्याची बंदूक ठाण्यात जमा, आणि नेमकं तेव्हाच भात पोटरीत. डुकरांना आचारसंहिता नाही. आमच्या आजोबांची बंदूक अशीच दर निवडणुकीला जायची आणि तेल न लावलेली, गंजाचे ठिपके घेऊन परत यायची. शेवटी वडिलांनी परवान्याचं नूतनीकरणच केलं नाही.

तूर्तास हे करा : नुकसान दिसल्या दिवशीच, पाऊस पडून खुणा जायच्या आत, फोटो काढा, त्यात डुकराचे खूर आणि उकरलेली माती दोन्ही येऊ द्या. सातबारा घेऊन वनपालाकडे भरपाईचा लेखी अर्ज द्या आणि त्याच्या पोचेवर तारीख घातल्याशिवाय उठू नका. मळणीनंतर गेलात तर पंचनामा कशाचा करणार?